लाथ मारणारा घोडा आणि मागचा स्वार : इशारा कधी, कसा, कुणाला द्यायचा

रविवारी सकाळी घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला किंवा खारघर-पनवेलकडे एखाद्या रायडिंग स्कूलमधून सहा-सात घोड्यांची ओळ बाहेर पडते, तेव्हा तीत सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. कुणी काही वर्षं शिकतोय, कुणी नुकतीच रिकिबीत पाय टाकायला लागलेली, एखाद्या शाळकरी मुलीचे बाबा कुंपणापाशी मोबाईल धरून उभे. घोडेही असेच मिसळीचे. त्यातला एखादा असा असतो की मागून कुणी फार जवळ आलं की लाथ मारतो. हे सईसाला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) ठाऊक असतं, मालकाला ठाऊक असतं, रोजच्या स्वारांनाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त त्याच्या मागे घोडा लावलेल्या नव्या स्वाराला.

ही माहिती त्याच्यापर्यंत पोचवणं हे घोड्यावर बसलेल्याचं काम आहे, असं मी ठामपणे मानतो. मागच्याने अंतर ठेवायलाच हवं, पण त्याला माहीत नसलेल्या गोष्टीपासून तो किती सांभाळणार? आणि लाथ पुष्कळदा घोड्याला लागतच नाही. मागचा घोडा बाजूला सरकतो आणि नाल ठोकलेला खूर थेट स्वाराच्या नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो, कारण खोगिरावर बसलेल्याचा पाय नेमका त्याच उंचीवर लटकत असतो.

आधी आपला घोडा नीट ओळखा

‘लाथ मारतो’ एवढं कळणं पुरेसं नाही. कशावर मारतो, हे कळायला हवं, कारण इशाऱ्याचे शब्द त्यावर ठरतात. काही घोडे फक्त मागून अंगावर येणाऱ्या घोड्याला मारतात. काहींना शेजारून कुणी झपकन पुढे गेलेलं खपत नाही. काही घोड्यांशी शांत असतात आणि माणसाने ठाणात (घोडा बांधण्याच्या जागेत) अचानक मागून पाऊल टाकलं की दचकून मारतात. काही घोडी माजावर असतानाच चिडचिड करतात. माज साधारण 21 दिवसांनी फिरून येतो आणि पाच-सात दिवस टिकतो, दिवस मोठे असण्याच्या काळात जास्त ठळकपणे. त्या घोडीचा सईस तारखा तोंडपाठ सांगतो, त्याला विचारा.

एरवी शांत असलेला घोडा अचानक लाथा झाडायला लागला, तर मात्र पहिलं काम शेपटीला इशाऱ्याची लाल रिबीन बांधणं नव्हे, तपासणी. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना मान वळवून चावायला येतो का? पाठीवर हात दाबला की अंग चोरतो का? खोगीर बदललं आहे का, नाल नुकतेच ठोकले आहेत का? पाठदुखी, पोटातले व्रण, न बसणारं खोगीर, पायाचं दुखणं यांतून बरीच चिडचिड येते. आपल्याकडे बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात, म्हणून घोड्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचा नंबर स्टेबलमध्ये कायम लिहिलेला असावा. दुखणाऱ्या घोड्याला लाल रिबीन बांधून रोज बाहेर काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता खुणा. कान हे पहिलं ठिकाण, पण त्यातच नवखे फसतात. घोडा पाठीवरच्या स्वाराचं ऐकत असतो तेव्हाही कान मागे वळवतो, पण ते सैल असतात, एकेक हलत असतो. धमकी देताना कान मानेला चिकटतात, दोन्ही, आणि तसेच राहतात. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांकडे आलेली असतात, त्यामुळे ते कान वाचायला डोळा थोडा सरावावा लागतो. कानांसोबत शेपूट बघा: जोरात आडवी फटकारली किंवा घट्ट दाबून धरली, तर सावध व्हा. नाकपुड्या आवळल्या जातात, घोडी असेल तर किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुठ्ठा (शेपटीकडचा मागचा भाग) तुमच्या किंवा दुसऱ्या घोड्याच्या दिशेने फिरायला लागतो, वजन एका मागच्या पायावर जातं, दुसरा हलका होतो. इथपर्यंत आलं की शब्दांना वेळ उरलेला नसतो.

पावसाळ्यानंतर माश्या वाढतात तेव्हा घोडे पाय आपटतात, पोटाखाली पाय मारतात. ती धमकी नसते. कान सैल आणि पाय खालच्या खाली आपटलेला, असं असेल तर माशी. तरीही त्या वेळी पोटापाशी वाकलेल्या माणसाला तो पाय लागू शकतो, हे विसरू नका.

चढण्याआधी तोंडाने सांगा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. सगळे घोड्यांवर चढून ओळ लागली की कुणी ऐकत नाही. जो तो आपला लगाम आणि रिकीब सांभाळण्यात असतो. म्हणून सगळे जमिनीवर, हेल्मेट घालत असताना सांगायचं. मोघम ‘जरा सांभाळून हं’ याचा काही उपयोग नाही. नेमकं सांगा:

‘ऐका सगळे. ही घोडी मागून जवळ आलेल्या घोड्याला लाथ मारते. मी शेवटी राहणार आहे. कुणाला कारणाने माझ्या मागे यावं लागलं तर दोन घोडे मावतील इतकं अंतर ठेवा. माझ्या शेजारून पुढे जायचं असेल तर आधी मला आवाज द्या, मी तिचं तोंड वळवते, मग या.’

यात चार गोष्टी आल्या: काय करते, कशावर करते, मी काय करणार, तुम्ही काय करायचं. याहून मोठं भाषण नको. नंतर जो सगळ्यात नवा आहे त्याच्याजवळ जाऊन पुन्हा एकदा सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. ‘दादा, तुम्ही माझ्यापासून किती लांब राहणार?’ असं विचारलं की त्याने ऐकलं की नुसती मान हलवली ते कळतं. लहान मूल असेल तर आई-बाबांनाही सांगा, कारण फोटोसाठी घोड्याच्या मागून फिरणारे बहुधा तेच असतात. सईसमंडळींशी बऱ्याच ठिकाणी हिंदीतच बोलणं होतं, तेव्हा हेच वाक्य हिंदीतही म्हणा.

इथे स्टेबल चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. गिऱ्हाईक घाबरेल म्हणून ही माहिती दडवू नका. ठाणाच्या दारावर घोड्याच्या नावाखाली मराठीत आणि हिंदीत स्वच्छ अक्षरात लिहा: ‘मागून जवळ येऊ नका. लाथ मारतो.’ असा फलक बघून मुलाला परत घरी नेणारे पालक मी तरी पाहिले नाहीत. उलट विश्वास वाढतो.

लाल रिबीन : बांधायची कशी, विसंबायचं किती

शेपटीला लाल रिबीन म्हणजे ‘हा घोडा लाथ मारतो’, हा संकेत ब्रिटनमधल्या कोल्ह्यांच्या शिकारीच्या स्वाऱ्यांतून आला. तिथे मोठ्या घोळक्यात, अनोळखी घोड्यांच्या गर्दीत मागच्याला लांबूनच कळावं म्हणून ही खूण. हिरवी रिबीन म्हणजे घोडा कोवळा किंवा नवशिका. इतर रंगांचे अर्थ देशोदेशी बदलतात, म्हणून आपल्या गटात लाल आणि हिरवा एवढेच दोन ठेवावेत.

आपल्याकडे एक अडचण आहे. लाल रंग घोड्याच्या अंगावर आपण सजावटीसाठी पाहत आलोय. वरातीची घोडी लाल गोंड्यांनी मढवलेली असते, दृष्ट लागू नये म्हणून बांधलेले काळे-लाल दोरे असतात. त्यामुळे ठाण्यात एखाद्याला शेपटीवर लाल रिबीन दिसली तर तो ‘किती छान सजवलाय’ म्हणत जवळ येण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे रिबीन बांधायची, पण तिचा अर्थ निघण्याआधी सांगायचा. अर्थ माहीत असलेल्याला ती वाटेत आठवण करून देते, तेवढंच तिचं काम.

बांधण्याची रीत अशी. साधारण एक इंच रुंदीची, भडक लाल, सुती किंवा मऊ सॅटिनची रिबीन घ्या, हातभर लांब. शेपटीच्या वरच्या भागातले मधले थोडे केस वेगळे काढून त्यांची बारीक वेणी घाला आणि रिबीन त्या वेणीत ओवून गाठ मारा. शेपटीच्या मांसल दांड्याभोवती करकचून गुंडाळू नका. रक्त अडतं, घोडा शेपूट घासायला लागतो आणि चिडचिडा घोडा आणखी चिडतो. वेणीमुळे रिबीन घसरत नाही. टोकं चार-पाच बोटं लोंबती ठेवा, त्याहून लांब नकोत, नाही तर झुडपात अडकतात. बांधताना स्वतः मागे उभे राहू नका. पुठ्ठ्याच्या बाजूला, घोड्याला खेटून उभे राहा, एक हात पुठ्ठ्यावर ठेवा, शेपूट आपल्याकडे ओढून घ्या आणि एकाला तोंडाशी मोरकी (तोंडावरचा दोरीचा किंवा पट्ट्यांचा साज) धरून उभं करा. परतल्यावर पहिल्यांदा रिबीन सोडा. पावसात चिखलाने माखलेली रिबीन लाल दिसत नाही, तेव्हा त्या महिन्यांत खिशात एक जादा असू द्या.

आणि रिबीन बांधली म्हणजे जबाबदारी मागच्यावर ढकलली, असं समजू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 जनावराबाबतच्या निष्काळजीपणाबद्दल आहे: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ओळीत जागा कुठे

लाथ मारणारा घोडा शेवटी. याला अपवाद जवळजवळ नाही. शेवटी राहिलं की मागे कुणी उरत नाही आणि पुठ्ठा मोकळा राहतो. काही घोड्यांना शेवटी राहिलं की पुढचे निघून जातील अशी धास्ती वाटते आणि ते उड्या मारत पुढच्याला गाठायला बघतात. अशा घोड्यावर अनुभवी स्वार बसवा आणि पुढच्यांनी चाल संथ ठेवा. नवख्याला अशा घोड्यावर ओळीत बसवूच नये. रिंगणात, एकटा, शिक्षकासोबत ठीक आहे.

अंतराचं माप सोपं आहे. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत साधारण अडीच मीटर. शांत घोड्यांमध्ये एका घोड्याएवढं अंतर चालतं. लाथ मारणाऱ्याच्या मागे राहावंच लागलं, तर किमान दोन, म्हणजे पाच मीटर. मीटर मोजत कुणी बसत नाही, म्हणून डोळ्याची खूण ठेवा: आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. खूर दिसेनासे होऊन नुसती शेपूटच दिसत असेल तर आपण फार जवळ आहोत. आपल्यापैकी पुष्कळ जण पहिल्यांदा घोड्यावर बसतात ते माथेरानला, जिथे तट्टं एकामागोमाग एक चिकटून चालतात आणि घोडेवाला लगाम धरून असतो. तीच सवय घेऊन माणसं रायडिंग स्कूलला येतात आणि पुढच्याच्या शेपटीला नाक लावून चालतात. ही सवय पहिल्याच वर्गात मोडायला हवी.

शेजारी-शेजारी चालताना दोघांच्या रिकिबींमध्ये आणखी एक घोडा सहज मावेल इतकी जागा ठेवा. आपल्या रस्त्यांवर ती मिळत नाही, म्हणून लाथ मारणाऱ्याच्या शेजारी चालूच नका.

चालताना

सगळ्यात आधी अंगात मुरवायची गोष्ट ही: कुणी जवळ येतोय असं वाटलं की आपल्या घोड्याचं *तोंड* त्याच्याकडे वळवा. तोंड त्याच्याकडे गेलं की पुठ्ठा त्याच्यापासून लांब जातो. घाबरलेला स्वार नेमकं उलट करतो, तोंड लांब ओढतो आणि पुठ्ठा त्या घोड्यासमोर आणून ठेवतो. रिंगणात एकट्याने याचा सराव करा: दोन्ही बाजूंना, आधी उभ्याने, मग चालीत. लगामाची एक बाजू जरा उघडायची, त्याच बाजूचा पाय तंगाच्या किंचित मागे लावायचा, पुठ्ठा पलीकडे सरकला पाहिजे.

मागचा जवळ यायला लागला तर शब्द छोटे आणि ठरलेले असावेत. ‘मागे, अंतर!’ एवढंच, मोठ्याने, पण ओरडून नाही. किंकाळी घोडेही ऐकतात. वाऱ्यात किंवा वाहनांच्या आवाजात ऐकू जात नसेल तर लगाम एका हातात घ्या आणि दुसरा हात पाठीमागे कमरेवर, तळवा मागच्याकडे करून ठेवा. हीसुद्धा शिकारीच्या मैदानातलीच जुनी खूण आहे. निघताना तीही गटाला दाखवून ठेवा.

पुढच्याने अचानक थांबणं हे अपघाताचं मोठं कारण आहे. पहिला स्वार थांबला की मागचे सगळे एकमेकांवर येतात आणि शेवटून दुसऱ्याचा घोडा शेवटच्याच्या तोंडाशी मागे सरकतो. म्हणून थांबताना, दुडकी सुरू करताना, चालीवर येताना पुढच्याने हात वर करून आवाज द्यावा आणि तो निरोप प्रत्येकाने मागे पोचवावा. थांबल्यावर गोल करून गप्पा मारायच्या असतील तर लाथ मारणारा घोडा त्या गोलाच्या बाहेर, तोंड गोलाकडे. पाणी पाजताना, फाटकातून जाताना, ओढ्याच्या अरुंद वाटेवर एकेक जण, आणि तो सगळ्यात शेवटी.

धमकीची लक्षणं दिसली की घोड्याला नेटाने पुढे काढा. चालीत जोर असलेल्या घोड्याला मागचे दोन्ही पाय एकदम उचलून दुगाण्या झाडणं अवघड जातं; रेंगाळणाऱ्याला सोपं. लाथ मारून झाल्यावर बऱ्याच वेळाने चाबूक मारणं निरर्थक आहे. त्याला कशाची शिक्षा ते कळत नाही, उलट ‘दुसरा घोडा जवळ आला की मार बसतो’ एवढंच तो शिकतो.

येऊर किंवा उपवनकडच्या रस्त्यांवर, बेलापूर-खारघरच्या कडेच्या वस्त्यांत आणखी एक गोष्ट भेटते: टाचांशी भुंकत येणारी कुत्री आणि मागून हॉर्न देत खेटून जाणारा दुचाकीस्वार. यांना रिबिनीचा अर्थ कुणी सांगणार नाही. कुत्रं आलं की थांबा आणि घोड्याचं तोंड कुत्र्याकडे करा. पुष्कळदा कुत्रंच मागे हटतं. दुचाकी मागून आली तर बाजूचा हात लांब करून हळूहळू वर-खाली हलवा, म्हणजे वेग कमी करा. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांच्या सरावाच्या वेळा गटाने आधीच विचारून ठेवाव्यात आणि लाथ मारणारा घोडा त्या वेळी बाहेर काढूच नये.

जमिनीवर असताना

घोड्याच्या मागे उभं राहू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण घोडा मागचा पाय पुढे आणून बाजूलाही झाडतो, गाय झाडते तसा; त्यामुळे पोटाच्या मागच्या अंगाला उभा असलेलाही सुरक्षित नाही. खांद्यापाशी राहा. मागून जायचंच असेल तर दोनच मार्ग: अगदी खेटून, हात पुठ्ठ्यावर ठेवत, बोलत जायचं, म्हणजे पायाला जोर धरायला जागाच मिळत नाही, किंवा तीन मीटरहून लांबून. मधलं अंतर सगळ्यात वाईट. शेपटीच्या थेट मागचा पट्टा घोड्याला दिसत नाही, म्हणून आवाज देत जा. खरारा करताना, खूर साफ करतानाही हात अंगावर सरकवत न्या, एकदम उचलू नका.

मोकळं सोडताना घोड्याचं तोंड आपल्याकडे, फाटकाकडे करा, मग मोरकी काढा आणि मागे सरका. सुटलेला घोडा आनंदाने दुगाण्या झाडत पळतो आणि मुलांना तेव्हाच लागतं.

लागलंच तर

पहिल्यांदा दोन्ही घोडे वेगळे करा, बाकीच्यांना थांबवा. स्वार खाली पडला असेल आणि मानेला, डोक्याला लागल्याची शंका असेल तर त्याला उठवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट तसंच राहू द्या. 108 ला फोन करा. पोटावर किंवा बरगड्यांवर लाथ बसली आणि माणूस ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाला तरी रुग्णालयात न्या. पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही आणि काही तासांनी प्रकृती कोसळते. त्वचा फाटली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतात.

घोड्याला लागलं असेल तर मागच्या पायाची आतली बाजू, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वरचा भाग, नीट बघा. तिथे हाडावर जवळजवळ मांसच नसतं, त्यामुळे लहानशा जखमेखाली हाडाला चीर गेलेली असू शकते. घोडा नुसता थोडा लंगडतो आणि दोन दिवसांनी आडवा होऊन उठताना ते हाड पूर्ण मोडतं. म्हणून अशी जखम दिसली की जागीच थांबा, वर बसून परत येऊ नका, पशुवैद्याला फोन करा आणि एक्स-रे होईपर्यंत घोड्याला आडवं होऊ न देता बांधून ठेवा.

संध्याकाळी स्टेबलच्या वहीत लिहा: कोणता घोडा, कशावर, कुठे, मागे किती अंतरावर कोण होतं. पुढच्या रविवारी जो कुणी त्या घोड्यावर बसेल त्याला ती नोंद वाचून दाखवा. दुखणं सापडून बरं झालं असेल तर रिंगणात एका शांत, ओळखीच्या घोड्यासोबत, लांबून जवळ असं हळूहळू अंतर कमी करत शिक्षकाने पाहावं. रिबीन कधी सोडायची हे त्याने ठरवायचं, स्वाराने नाही.